निकम साहेब महाधिवक्ता होते का?

प्रश्न : आमच्या सावद्यात संध्याकाळी केळीच्या भावावरची चर्चा आटोपली की कोर्टकचेऱ्यांचा विषय निघतो. परवा त्यावरून चांगलीच जुंपली. एकाचं म्हणणं, आपल्या जळगावचे उज्ज्वल निकम हे सरकारचे सर्वांत मोठे वकील, म्हणजे तेच महाधिवक्ता. दुसरा म्हणाला, छे, तो मान दिल्लीच्या अ‍ॅटर्नी जनरलचा. तिसऱ्याने मध्येच सॉलिसिटर जनरलचं नाव घुसवलं. माझी मुलगी जळगावला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने ‘बाबा, हे सगळे वेगवेगळे’ एवढंच सांगून मोबाइलमध्ये डोकं घातलं. ही पदं नेमकी काय आहेत? त्यांना पात्रता काय लागते, परीक्षा असते का? आणि आमच्यासारख्या गावच्या माणसाचा त्यांच्याशी कधी संबंध येतो का?
– एक वाचक, सावदा (ता. रावेर, जि. जळगाव)

उत्तर : मुलगी बरोबर आहे, फक्त तिने दोन वाक्यं जास्त बोलायला हवी होती. उज्ज्वल निकम महाधिवक्ता कधीच नव्हते आणि अ‍ॅटर्नी जनरलही नव्हते. त्यांचं पद विशेष सरकारी वकिलाचं. १९९३ चा मुंबई बॉम्बस्फोट खटला असो की २६/११ चा कसाबचा, प्रत्येक खटल्यासाठी सरकारने त्यांना वेगळं नेमलं. हे पद राज्यघटनेतून आलेलं नाही. ते फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातलं आहे. पूर्वी १९७३ ची दंड प्रक्रिया संहिता होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली; पण तरतूद तीच राहिली. जिल्ह्याच्या सरकारी वकिलाला किमान सात वर्षांची वकिली लागते, विशेष सरकारी वकिलाला दहा वर्षांची. हा दहाचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

तुमच्या कट्ट्यावरचा घोटाळा व्हायला कारणही आहे. टीव्हीवर दिसतो तो निकमांचा चेहरा. महाधिवक्ता बहुधा मुंबईच्या उच्च न्यायालयात कायद्याचा कीस पाडत असतात. तिथे वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे नसतात आणि युक्तिवादात रक्ताचे डाग, साक्षीदार, उलटतपासणी यांतलं काही नसतं. एकच खटला वर जाताना सरकारचा वकील कसा बदलतो, हे कसाबच्या प्रकरणात नीट दिसलं. आर्थर रोड कारागृहातल्या विशेष न्यायालयात राज्य सरकारतर्फे निकम उभे राहिले. मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राची बाजू मांडली गोपाल सुब्रमण्यम यांनी, जे त्याआधी देशाचे सॉलिसिटर जनरल होते. २९ ऑगस्ट २०१२ ला अंतिम निकाल लागला. पक्षकार तोच, महाराष्ट्र राज्य. उभं राहणारा माणूस मात्र दुसरा.

आता घटनेतली पदं. ती दोनच आहेत. अनुच्छेद ७६ मध्ये भारताचा महान्यायवादी, ज्याला आपण सर्रास अ‍ॅटर्नी जनरल म्हणतो, आणि अनुच्छेद १६५ मध्ये प्रत्येक राज्याचा महाधिवक्ता. पहिल्याला राष्ट्रपती नेमतात, दुसऱ्याला राज्यपाल. सॉलिसिटर जनरल, अतिरिक्त सॉलिसिटर जनरल ही पदं मोठी आणि रुबाबाची असली तरी राज्यघटनेत त्यांचा उल्लेख नाही. ती केंद्र सरकारच्या नियमांवर चालतात. तेव्हा तुमच्या तिसऱ्या मित्राने टाकलेलं नाव चुकीचं नव्हतं, पण घटनेच्या पंगतीत त्याचं पान मांडलेलं नाही.

हे सगळं एकाच माणसात पाहायचं असेल तर गुलाम वहानवटी यांची वाटचाल बघा. १९९९ ते २००४ महाराष्ट्राचे महाधिवक्ता, मग २००९ पर्यंत सॉलिसिटर जनरल, मग २०१४ पर्यंत महान्यायवादी. त्यांच्या आधी सी. के. दफ्तरी यांनीही मुंबईचं महाधिवक्तापद, देशाचं पहिलं सॉलिसिटर जनरलपद आणि नंतर महान्यायवादीपद असाच प्रवास केला. आणि कट्ट्यावर सांगण्यासारखी एक गोष्ट : वहानवटींना २००९ मध्ये ज्या राष्ट्रपतींनी महान्यायवादी नेमलं, त्या प्रतिभाताई पाटील यांनी स्वतः जळगावच्या न्यायालयात वकिली केली होती. तुमच्या शेजारच्या मुक्ताईनगर, म्हणजे तेव्हाच्या एदलाबाद मतदारसंघातून त्या वर्षानुवर्षं विधानसभेवर निवडून जात होत्या. सही अर्थात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होते. तरी जळगाव कोर्टातली एक वकील देशाच्या पहिल्या वकिलाच्या नेमणुकीवर सही करते, हे खान्देशाने जरा मिरवायला हरकत नाही.

पात्रतेकडे येऊ, कारण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न मुलीच्या काळजीतून आलाय. परीक्षा नाही. मुलाखत नाही, जाहिरात नाही, गुणवत्ता यादी नाही. अनुच्छेद ७६ एवढंच म्हणतो की सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेली व्यक्ती महान्यायवादी होऊ शकते. ती पात्रता अनुच्छेद १२४ मध्ये आहे : भारताचं नागरिकत्व, आणि त्याबरोबर पाच वर्षं उच्च न्यायालयाचं न्यायाधीशपद, किंवा उच्च न्यायालयाचा वकील म्हणून दहा वर्षं, किंवा राष्ट्रपतींच्या मते नामवंत विधिज्ञ असणं. महाधिवक्त्याला उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची पात्रता लागते, ती अनुच्छेद २१७ मध्ये सापडते : नागरिकत्व आणि दहा वर्षं न्यायिक पद किंवा दहा वर्षं वकिली. नामवंत विधिज्ञाची सोय इथे नाही.

म्हणजे पुन्हा दहाच. विशेष सरकारी वकिलाला दहा, राज्याच्या महाधिवक्त्याला दहा आणि देशाच्या महान्यायवाद्यालाही, वकिलीच्या रस्त्याने आला तर, दहा. कागदावरचा उंबरठा सारखाच आहे. या पदांमधलं अंतर पात्रतेच्या कलमात शोधाल तर सापडणार नाही. कोण नेमतो, कशासाठी नेमतो आणि कोण काढू शकतो, यात ते आहे. कायद्याचे विद्यार्थी पात्रता पाठ करतात आणि नेमका हा भाग सोडून देतात, अशी माझी जुनी तक्रार आहे.

तुमच्या मुलीने पदवी घेतली, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद मिळवली, अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण केली आणि जळगावच्याच न्यायालयात दहा वर्षं काळा कोट झिजवला, तर? ‘उच्च न्यायालयाचा वकील’ या शब्दांचा अर्थ न्यायालयाने संकुचित लावलेला नाही. खालच्या न्यायालयातली वकिलीही त्यात मोजली जाते. तेव्हा घटना तिला अडवणार नाही. व्यवहार अडवेल. महाराष्ट्राचे अलीकडचे महाधिवक्ते पाहा. रवी कदम, डेरियस खंबाटा, आशुतोष कुंभकोणी मुंबईत वकिली करणारे. सुनील मनोहर, श्रीहरी अणे, रोहित देव नागपूरचे. नेमणूक उच्च न्यायालयात नाव झालेल्या ज्येष्ठ वकिलांतूनच होते, आणि सरकारचा विश्वास असावा लागतो ही अट कुठेही लिहिलेली नसली तरी सगळ्यांत पक्की आहे. स्त्रियांच्या बाबतीत तर चित्र आणखी मागे आहे. देशाला पहिल्या महिला अतिरिक्त सॉलिसिटर जनरल मिळाल्या २००९ मध्ये, मुंबईत वकिली गाजवलेल्या इंदिरा जयसिंग. महान्यायवादीपदावर १९५० पासून एकही स्त्री आलेली नाही. तिला हे जरूर सांगा, पण घाबरवायला नको. कुणीतरी पहिली असतेच.

वयाचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण तो फार मजेदार आहे आणि त्याचं मूळ आपल्या नागपुरात आहे. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश तेव्हा साठाव्या वर्षी निवृत्त होत. नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी असताना टी. एल. शेवडे यांची महाधिवक्ता म्हणून नेमणूक झाली, आणि त्यांनी साठी ओलांडली होती. जी. डी. करकरे नावाच्या गृहस्थांनी नागपूर उच्च न्यायालयात आव्हान दिलं. त्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड : महाधिवक्ता होण्यासाठी न्यायाधीश होण्याची पात्रता हवी, साठीनंतर कुणी न्यायाधीश होऊ शकत नाही, सबब साठीनंतर महाधिवक्ताही होता येणार नाही. १९५२ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. न्यायालयाने काढलेला भेद असा : न्यायाधीशाने किती वयापर्यंत पदावर राहायचं ही मुदतीची बाब, ती अनुच्छेद २१७ च्या पहिल्या खंडात आहे, पात्रता दुसऱ्या खंडात आहे आणि तिथे वयाचा शब्द नाही. महाधिवक्त्याला पात्रता लागू होते, मुदत नाही.

इतका स्वच्छ निकाल असूनही अठ्ठावन्न वर्षांनी हाच वाद उत्तराखंडातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. तिथले महाधिवक्ता एल. पी. नथानी यांचं वय बासष्टच्या पुढे म्हणून जनहित याचिका झाली होती. जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करकरे प्रकरणाचा दाखला देऊन सांगितलं की हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे, आणि मूळ याचिकाकर्त्यांवर एक लाख रुपये खर्चही बसवला. त्याच निकालात जनहित याचिकांच्या गैरवापराबद्दल न्यायालयाने जे नियम घालून दिले, ते आज उठसूट याचिका करणाऱ्यांना ऐकवले जातात. दिल्लीत तर के. के. वेणुगोपाल २०२२ मध्ये महान्यायवादीपदावरून उतरले तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडलेली होती. ज्या न्यायाधीशांसमोर ते उभे राहत, त्यांना पासष्टाव्या वर्षी घरी जावं लागतं.

कामाबद्दल. सरकारला कायद्याचा सल्ला देणं, सांगितलेली कायदेविषयक कामं करणं, घटनेने आणि कायद्यांनी दिलेली कर्तव्यं बजावणं, असं ठोकळेबाज वर्णन घटनेत आहे. महान्यायवाद्याला देशातल्या कोणत्याही न्यायालयात बोलण्याचा हक्क आहे. रावेरच्या दिवाणी न्यायालयातही, मनात आणलं तर. वकिलांमध्ये आधी कुणाचं ऐकायचं याचा क्रमही वकिलांच्या १९६१ च्या कायद्यात ठरलेला आहे. पहिला महान्यायवादी, मग सॉलिसिटर जनरल, मग अतिरिक्त सॉलिसिटर जनरल, त्यांच्यामागे राज्याचा महाधिवक्ता. हे पगारी नोकर नव्हेत. खासगी वकिली करू शकतात, पण महान्यायवाद्याला भारत सरकारच्या विरोधात वकीलपत्र घेता येत नाही आणि फौजदारी खटल्यात आरोपीचा बचाव करायचा तर परवानगी लागते.

एक अधिकार मात्र चमत्कारिक आहे. महान्यायवादी संसदेच्या दोन्ही सभागृहांत जाऊन बोलू शकतो, समितीवर नाव घातलं तर तिथेही. मत मात्र देता येत नाही. महाधिवक्त्याला विधिमंडळात तोच हक्क आहे. आता तुमच्या कट्ट्यावर हे सांगून बघा : जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नामनिर्देशित केल्यापासून निकम साहेब तिथे बोलूही शकतात आणि विधेयकावर मतही देऊ शकतात. म्हणजे या एका बाबतीत ते महान्यायवाद्याच्या पुढे गेले. ज्याने पहिला मुद्दा मांडला होता त्याला एवढा दिलासा द्यायला हवा.

काढण्याची पद्धत ऐकली तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. पद्धतच नाही. न्यायाधीशाला हटवायला संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. महान्यायवादी राष्ट्रपतींची आणि महाधिवक्ता राज्यपालांची ‘मर्जी’ असेपर्यंत. व्यवहारात ती मर्जी मंत्रिमंडळाची. सरकार बदललं की महाधिवक्त्याने राजीनामा द्यावा असा रिवाज आहे, पण तो रिवाजच. २०१७ मध्ये फडणवीस सरकारच्या काळात नेमलेले कुंभकोणी २०१९ मध्ये ठाकरे सरकार आल्यावरही पदावर राहिले.

मर्जी कशी जाते, याचं आपल्याकडचं गाजलेलं उदाहरण श्रीहरी अणे यांचं. लोकनायक बापूजी अणे यांचे हे नातू. महाधिवक्ता असतानाही ते वेगळ्या विदर्भाची बाजू उघडपणे मांडत. मार्च २०१६ मध्ये जालन्यात त्यांनी मराठवाड्याबद्दलही तसंच बोलून दाखवलं. विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. सभागृहात गदारोळ झाला आणि अण्यांनी राजीनामा राज्यपालांकडे दिला. त्यांनी सरकारला दिलेला कायद्याचा एकही सल्ला वादात नव्हता. राज्याचा पहिला वकील राज्याच्या विभाजनाची भाषा करतो हे अनेकांना रुचलं नाही, आणि त्यात चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण अणे गप्प बसून पद सांभाळू शकले असते, तेही त्यांनी केलं नाही.

इथे मला स्वतःचं मत लपवता येत नाही. ही दोन्ही पदं सरकारची वकीलपत्रं नव्हेत. तसं असतं तर घटनेत त्यांना स्वतंत्र अनुच्छेद देण्याचं कारण नव्हतं. सॉलिसिटर जनरलसारखं नियमांत भागलं असतं. पहिले महान्यायवादी मोतीलाल सेतलवाड यांनी हे जाणलं होतं. आयुर्विमा महामंडळाचा पैसा हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत कसा गेला याची चौकशी १९५८ मध्ये मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांच्या आयोगापुढे उघडपणे झाली. आयोगाच्या मदतीला सेतलवाड होते, आणि त्यांनी अर्थमंत्र्यांना सांभाळून घेतलं नाही. टी. टी. कृष्णम्माचारींना पद सोडावं लागलं. आणीबाणीत उलट घडलं. विनाचौकशी अटकेत असलेल्यांना न्यायालयात दाद मागता येते का, या खटल्यात न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारलं की पोलिसाने वैरातून एखाद्याचा जीव घेतला तर? महान्यायवादी निरेन डे यांनी उत्तर दिलं की या युक्तिवादानुसार आणीबाणी असेपर्यंत उपाय नाही. ते उत्तर त्यांनी मुद्दाम इतकं उघडं दिलं, न्यायाधीशांना धक्का बसावा म्हणून, असंही त्यांच्या बाजूने सांगितलं जातं. मला ते पटत नाही. धक्काच द्यायचा होता तर राजीनाम्याचा रस्ता होता. आणीबाणी लागताच अतिरिक्त सॉलिसिटर जनरल फली नरिमन यांनी तोच धरला होता.

राहिला शेवटचा प्रश्न : सावद्याच्या माणसाचा संबंध. येतो, आणि वाटतं त्यापेक्षा जवळून.

न्यायालयाच्या अवमानाबद्दल कुणावर फौजदारी कारवाई व्हावी असं तुम्हाला वाटलं, तर थेट याचिका करता येत नाही. १९७१ च्या कायद्याप्रमाणे उच्च न्यायालयाच्या अवमानासाठी आधी महाधिवक्त्याची लेखी संमती लागते, सर्वोच्च न्यायालयासाठी महान्यायवाद्याची किंवा सॉलिसिटर जनरलची. रागाच्या भरात केलेले कितीतरी अर्ज या चाळणीतच अडकतात, आणि ते बरंच आहे.

तुमच्या एखाद्या साध्या दिवाणी दाव्यात घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न निघाला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे न्यायाधीशाला पुढे जाण्याआधी नोटीस काढावी लागते. केंद्राचा संबंध असेल तर महान्यायवाद्याला, राज्याचा असेल तर महाधिवक्त्याला. तालुक्याच्या कोर्टातून निघालेला कागद मुंबई-दिल्लीच्या या टेबलांवर जाऊन पडू शकतो. मराठा आरक्षणाच्या सुनावणीत हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. उच्च न्यायालयात राज्यातर्फे महाधिवक्ता कुंभकोणी होते. सर्वोच्च न्यायालयात १०२ व्या घटनादुरुस्तीचा अर्थ काय यावर महान्यायवादी वेणुगोपाल यांचं म्हणणं ऐकलं गेलं. राज्यांचा मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार गेलेला नाही, असं ते म्हणाले. मे २०२१ मध्ये पाचपैकी तीन न्यायाधीशांनी ते मानलं नाही, आणि तीन महिन्यांत संसदेला १०५ वी दुरुस्ती करावी लागली. महान्यायवाद्याचा शब्द वजनदार असतो, अंतिम नसतो.

आणि सार्वजनिक उपद्रव. समजा कुणी गावाच्या ओढ्यात घाण पाणी सोडतंय आणि तुमचं एकट्याचं असं वेगळं नुकसान दाखवता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ प्रमाणे असा दावा महाधिवक्ता लावू शकतो. त्याला तुमच्या ओढ्यासाठी मुंबईहून बोलावायची गरज नाही. कलम ९३ म्हणतं की राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीने हाच अधिकार जिल्हाधिकारी वापरू शकतात. तुमच्या बाबतीत जळगावचे. तेही हलले नाहीत, तर तुम्ही आणि कट्ट्यावरचा आणखी एक, असे दोघं मिळून न्यायालयाच्या परवानगीने स्वतः दावा लावू शकता. त्यासाठी दहा वर्षांची वकिली लागत नाही.